चोरपट्टो

अनंत मेथरला लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी, चाळिशी उलटल्यावर मुलगी झाली, ते वर्ष दोन हजार त्रेचाळीस. सोनवेळच्या किनाऱ्यावर त्या सालाची आठवण अजून याच खुणेने काढतात. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिला आणि त्याच आठवड्यात मेथरांच्या अंगणात बारसं झालं. मुलीचं नाव मुक्ता ठेवलं. आलेल्यागेलेल्याला हाताला धरून पंगतीत बसवत होता तो अनंतचा थोरला भाऊ, दिगंबर. आईबाप गेले तेव्हा अनंत शाळेत जाणारं पोर होतं. दिगंबरनेच त्याला लहानाचा मोठा केला होता, म्हणून बारशाचा मान त्याने न मागताच आपल्याकडे घेतला होता.

अनंतने मुलीला उचललं, चार माणसांना दाखवलं आणि घाईने बायकोच्या, रेश्माच्या हातात दिलं. त्याच्या पापण्या अर्ध्या खाली आल्या होत्या.

"काय रे अंत्या, पोर झोपाक देना नाय काय?" सुहास खवणेकर पंगतीतून ओरडला. "आता कळतला तुका, बापूस होणा म्हणजे काय ता!"

"झोपाक देता रे," अनंत म्हणाला. "डोळेच उघडे रवनत नाय."

सगळे हसले. दिगंबरही हसला.

सोनवेळचे लोक रापण ओढून जगतात. होडी किनाऱ्यावरून निघते, मोठा अर्धगोल घेत समुद्रात जाळं सोडत जाते आणि पलीकडे पुन्हा वाळूला लागते. मग जाळ्याच्या दोन टोकांचे दोन दोर वाळूवरची माणसं ओढू लागतात. दिगंबर या रापणीचा तांडेल, म्हणजे प्रमुख. त्याने ओरड दिली की सगळ्यांनी एका दमात मागे झुकायचं. या कामात कोण किती ओढतो ते कुणालाच दिसत नाही. सगळ्यांचे हात दोरावर, सगळ्यांच्या टाचा वाळूत आणि सगळ्यांची तोंडं वाकडी. जोर खरा की तोंडापुरता, हे ज्याचं त्याला ठाऊक. म्हणून जुन्या लोकांनी एक नियम घालून ठेवला होता. ज्याचा हात दोराला लागला, त्याला मासळीचा वाटा. म्हातारे दाजी टिकम तर दोराला नुसतं धरून मागे मागे चालत, जसं कुणी आधाराला कठडा धरावा. त्यांच्याही टोपलीत बांगडे पडत.

या गावात माणसाला चोर म्हटलं तर भांडण होतं आणि मिटतंही. अंगचोर म्हटलं तर मिटत नाही. चोर दुसऱ्याचं नेतो. अंगचोर आपलंच अंग सगळ्यांपासून चोरून ठेवतो आणि मग सगळ्यांच्या बरोबरीने टोपली पुढे करतो.

त्याच मोसमात विद्यापीठातून डॉक्टर केतकी बर्वे सोनवेळला आल्या. त्या औषधं देणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, भौतिकशास्त्राच्या होत्या. किनाऱ्यावर जड काम करणारी माणसं अतिश्रमाने कोसळतात, ते टळावं म्हणून त्यांनी एक यंत्र केलं होतं. दंडावर बांधायचा रुंद पट्टा, वजनाला भरलेल्या पाण्याच्या बाटलीएवढा, आणि त्यावर एक दिवा. रापणीच्या मांगरात, म्हणजे जाळी ठेवायच्या खोपटात, ढिगावर बसलेल्या माणसांसमोर त्यांनी तो समजावून सांगितला.

"प्रत्येक अणूच्या मध्यभागी एक केंद्रक असतं. काही केंद्रकं इवल्याशा चुंबकासारखी वागतात, सगळी नाहीत. केंद्रकातले कण जोड्या करून राहतात आणि जोडीतले दोघं एकमेकांचं चुंबकपण खोडून टाकतात. ऑक्सिजन घ्या, कार्बन घ्या. त्यांची बहुतेक केंद्रकं अशी जोड्या जुळलेली, त्यामुळे मुकी. फॉस्फरसमध्ये मात्र एक कण बिनजोडीचा उरतो. त्याच्यामुळे ते केंद्रक चुंबक होतं."

"म्हणजे बिनलग्नाचो!" सुहास म्हणाला. "तोच गावभर बोंबलत फिरता."

मांगर हसला. केतकीबाईही हसल्या. "अगदी तसंच. तो बोंबलतो आणि आम्ही ऐकतो. असं केंद्रक मोठ्या चुंबकाजवळ नेलं की कलत्या भोवऱ्यासारखं घुमू लागतं. त्याच्या घुमण्याच्या लयीतच रेडिओची लहर सोडली तर ते आणखी कलतं, आणि लहर थांबवल्यावर सावरता सावरता स्वतःची एक बारीक लहर बाहेर टाकतं. तोच त्याचा सूर. आता गंमत अशी, की फॉस्फरस ज्या पदार्थात बसलेला असतो, तिथल्या इलेक्ट्रॉनांचं त्याच्यावर पांघरूण असतं. पांघरूण बदललं की सूर किंचित बदलतो. तुमच्या दंडात जी शक्ती साठवलेली असते, तिच्यातला फॉस्फरस एका सुरात बोलतो. ती खर्च झाली की उरलेला फॉस्फरस दुसऱ्या सुरात बोलतो. तुम्ही दोर ओढता तेव्हा पहिला सूर पडत जातो आणि दुसरा चढत जातो. पूर्वी हे ऐकायला खोलीएवढं यंत्र लागायचं आणि माणसाला त्यात झोपवावं लागायचं. आता चुंबक हलके झाले, लहर पकडणारे संवेदक तीक्ष्ण झाले, म्हणून ते पट्ट्यात मावलं."

"आनि ह्यो दिवो?" दिगंबरने विचारलं.

"हिरवा असेल तर दंडात जोर शिल्लक आहे, छान. पिवळा झाला तर जपून. लाल झाला की थांबायचं, दोर दुसऱ्याच्या हातात द्यायचा."

पहिले काही दिवस तसंच झालं. लाल झालेला माणूस बाजूला होई, पाणी पिई, पुन्हा येई. पण माणसांचा स्वभाव यंत्राबरोबर तपासून आणता येत नाही. थोड्याच दिवसांत लाल दिवा ही मिरवायची गोष्ट झाली. लाल झाल्यावरही माणसं दोर सोडीनात. संध्याकाळी चहाच्या टपरीवर पट्टा काढायच्या आधी दंड पुढे करून दाखवू लागली. ज्याचा दिवा हिरवा राहिला, त्याच्याकडे माणसं बघू लागली. पट्ट्याला बाईंनी एक लांबलचक नाव दिलं होतं. ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. गावाने त्याला नाव ठेवलं चोरपट्टो.

त्या वर्षी मासळी कमी होती. गणपती गेल्यावर मांगरात बैठक बसली आणि सुहासने मनातलं बोलून टाकलं.

"लाल तेका पुरो वाटो. हिरवो तेका अर्धो. आता कळता ना, कोण ओडता आनि कोण नुसतो दोराक लोंबाकळता!"

"दाजींचा काय मग?" कुणीतरी म्हणालं.

"दाजींनी घरात बसूचा. तेंका कोणी बोलवल्यान हा?"

दाजी टिकम कोपऱ्यात होते. त्यांनी टोपीवरून हात फिरवला. केतकीबाई उठून उभ्या राहिल्या.

"तांडेल, मी हे यासाठी आणलेलं नाही. पट्टा एवढंच सांगतो की स्नायूने किती खर्च केला. का केला, का नाही केला, ते तो सांगत नाही."

"तुमचा यंत्र खोटा बोलता काय, बाई?"

"नाही. खोटं बोलत नाही."

"मग झाला," दिगंबर म्हणाला.

बापाच्या वेळचा नियम मोडताना त्याला काही वाटलं नाही असं नाही. पण तरुण माणसं ट्रॉलरवर जायच्या गोष्टी करत होती, आणि माणसं गेली की रापण संपली. शिवाय त्याला आत कुठेतरी बरंही वाटलं होतं. इतकी वर्षं तो डोळ्यांनी माणसं तोलत आला होता. आता त्याच्या नजरेला यंत्राची साक्ष मिळणार होती. केतकीबाई नाराज होऊन, जमलेली माहिती घेऊन विद्यापीठात परत गेल्या. पट्टे गावातच राहिले.

अनंत सकाळच्या पहिल्या ओढी जोरात ओढायचा. जाळं जवळ येऊ लागलं, खरा जोर लागायची वेळ आली, की त्याची मूठ सैल पडायची. खांदे उतरायचे. दोराच्या रांगेत सगळ्या दंडांवर लाल दिवे आणि मधोमध अनंतचा हिरवा. होडीतूनही तो दिसायचा.

"हिरवो इलो रे, हिरवो!" माणसं त्याला वाळूवर उतरतानाच म्हणू लागली. मग ते त्याचं नावच पडलं.

घरी तो आणखी वेगळा वागू लागला. संध्याकाळी नाकातून बोलायचा, शब्द जड व्हायचे. जेवताना घास तोंडात धरून बसायचा आणि हनुवटीला हाताने आधार देऊन चावायचा. रेश्माला वाटायचं, अर्ध्या वाट्याचा राग अन्नावर काढतोय. तिने दिगंबरच्या बायकोला, वैजयंतीला सांगितलं. वैजयंतीने नवऱ्याला सांगितलं.

"राग येता तर ओडूक व्हया," दिगंबर म्हणाला. "राग जेवणार कित्याक काढता?"

दिवाळीच्या सुमारास एका सकाळी बांगड्याचा मोठा थवा रापणीत सापडला. जाळं इतकं जड झालं की गावातल्या बायासुद्धा दोराला लागल्या. काठ जवळ आला, दिगंबरने शेवटची ओरड दिली, आणि अनंतच्या हातातून दोर सुटला. मागची माणसं त्या हिसक्याने पुढे फरपटली. जाळ्याची खालची कड क्षणभर वर उचलली गेली. तेवढं पुरे झालं. पाण्याखालून चांदी वाहत गेल्यासारखे बांगडे निघून गेले. वाळूवर आली ती जाळ्याची रिकामी पिशवी आणि थोडीशी तारली मासळी.

मग सुहास म्हणाला, "पिवान इलो हा तो. बोलणा आयकलास तेचा? जीभ वळना नाय."

दिगंबर दोर ओलांडून भावासमोर गेला. सगळं गाव बघत होतं, रेश्माही तान्ह्या मुलीला घेऊन उभी होती.

"तोंड उघड," तो म्हणाला.

"दादा..."

"उघड तोंड!"

अनंतने तोंड उघडलं. बेचाळीस वर्षांच्या, एका लेकराच्या बापाने, लहान मुलाने उघडावं तसं तोंड उघडलं, आणि दिगंबरने वाकून वास घेतला. चहाचा वास होता. दुसरं काही नव्हतं. दारूचा आला असता तर बरं झालं असतं, असं दिगंबरला वाटून गेलं. दारू ही निदान एक सबब असते. त्याने भावाच्या दंडाकडे पाहिलं. हिरवा.

"मग अंगचोर तू," तो मोठ्याने म्हणाला.

"दादा, मी ओडतंय रे. हात आयकत नाय माझो."

"हात आयकत नाय? हातात जोर भरलेलो आसा, यंत्र सांगता! कोणासाठी राखून ठेवलंस तो? उद्यापासून दोराक हात लावू नको."

अनंतने पट्टा सोडायचा प्रयत्न केला. त्याची बोटं बक्कल दाबू शकेनात. शेवटी रेश्माने पुढे येऊन तो सोडला आणि वाळूवर टाकला. दुसऱ्या दिवशी अनंत उत्तरेकडच्या एका बंदरावर, ट्रॉलरवर खलाशी म्हणून निघून गेला. आपण अंगचोर नाही हे त्याला कुठेतरी दाखवायचं होतं. सोनवेळला ते आता दाखवता येणार नव्हतं.

जानेवारीत केतकीबाई आल्या त्या थेट दिगंबरच्या अंगणात. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

"अनंत कुठे आहेत?"

"गेलो ट्रॉलरार. कित्याक?"

"मी सगळ्यांच्या पट्ट्यांची माहिती लावून पाहिली. जो माणूस अंग चोरतो, तो पहिल्या ओढीपासून चोरतो. मनाला येईल तेव्हा लावतो, मनाला येईल तेव्हा सोडतो. अनंतच्या दंडाने पहिल्या ओढीला तुमच्याइतकाच खर्च केलाय. दुसऱ्या ओढीला थोडा कमी, तिसऱ्याला आणखी कमी. उतरता जिना असावा तसा. थोडं बसल्यावर पुन्हा पहिल्यापासून तेच. रोज तेच. असं ठरवून कुणाला करता येत नाही, तांडेल. मी हा आलेख मज्जासंस्थेच्या डॉक्टरांना दाखवला. त्यांनी विचारलं, याच्या पापण्या पडतात का? चावताना दमतो का? संध्याकाळी बोलणं नाकातून येतं का?"

दिगंबरला अंगणातला खांब धरावासा वाटला. धरला नाही.

"ह्या सगळा होता," आतून वैजयंती म्हणाली.

"मेंदूने हुकूम सोडला की तो मज्जातंतूतून स्नायूच्या दारापर्यंत येतो," केतकीबाई म्हणाल्या. "या आजारात शरीर स्वतःच ती दारं बंद करत जातं. पहिले काही हुकूम आत शिरतात, पुढचे दारातच राहतात. माणूस जीव तोडून ओढत असतो, पण स्नायूपर्यंत ते पोचतच नाही. मग स्नायू खर्च कशाला करेल? तो भरलेलाच राहतो. पट्टा खरं बोलत होता. दंड हिरवाच होता."

हात ऐकत नाही. अनंतने सगळ्या गावासमोर आपला आजार सांगितला होता, कुठल्याही डॉक्टरने सांगावा इतका नेमका. दिगंबरने तो ऐकला होता आणि त्यावर ओरडला होता.

"बरो होता ह्यो आजार?"

"आता चांगली औषधं आहेत. पण थांबून चालणार नाही. छातीत सर्दीताप उतरला तर श्वासाचे स्नायूसुद्धा असेच ऐकेनासे होतात." मग त्या म्हणाल्या, "हिरवा रंग मी ठरवला होता. मला वाटलं, हिरवा म्हणजे चांगलं, हे सगळीकडे सारखंच असेल."

रेश्माने लगेच फोन लावला. पुष्कळ वेळा लावल्यावर अनंतने उचलला. तिने आजाराचं सगळं सांगितलं. मग जड जिभेने तो म्हणाला, "दादान सांगूक सांगल्यान तुका?"

"बाईंनी सांगला. तुमी येवा हो, पाया पडतंय तुमच्या."

"अंगचोर म्हणणारो तो. नाय म्हणून पण तेनाच सांगूक व्हया. हय येवन सांगूंदे. इतक्याच सांगूंदे, मगे येतंय मी."

फोन मोठ्या आवाजात लावलेला होता, दिगंबरने ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. रेश्माने त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "जातंय मी उद्या."

वैजयंतीने लाडू केले. रेश्माने मुक्ताचं एक झबलं पिशवीत घातलं, अनंतला वास यावा म्हणून न धुतलेलं. वाटभर बसमध्ये दिगंबर वाक्य जुळवत होता. "अंत्या, तू अंगचोर नाय. मी चुकलंय." यात न जमण्यासारखं काही नव्हतं. उभ्या जन्मात असं कुणाला सांगायची वेळ आली नव्हती एवढंच.

बंदरावर ट्रॉलर लागला होता. अनंत धक्क्यावर जाळ्याच्या ढिगाला टेकून बसला होता. गालफडं बसली होती, दाढी वाढली होती, एक पापणी पुरती मिटलेली. हलकं खोकत होता. त्याच्याभोवती सात-आठ खलाशी जाळं विणत बसले होते. दिगंबरला पाहून तो उठायला गेला आणि पुन्हा बसला.

"ह्यो माझो भाव," तो बाकीच्यांना म्हणाला. "आमच्या रापणीचो तांडेल."

खलाशांचे हात थांबले. सगळे दिगंबरकडे बघू लागले. त्यातला एक दात काढून म्हणाला, "हेका न्हेवक इलास काय? न्हेवा बाबा! दोन खेपा केल्यान की बसता. आमचो मालक म्हणता, खंयसून आणलास ह्यो आळशी!"

सगळे हसले. अनंत हसला नाही. तो भावाच्या तोंडाकडे बघत राहिला, एका डोळ्याने.

ते वाक्य दिगंबरच्या गळ्यापर्यंत आलं. आता म्हटलं असतं तर या परक्या माणसांना कळलं असतं, की सोनवेळच्या तांडेलाने आजारी भावाचं तोंड हुंगलं होतं. त्यांनी विचारलं असतं, काय झालं होतं? मग तेही सांगावं लागलं असतं. हे लोक उठून जातील, मग बोलू, असं त्याला वाटलं. ते उठले नाहीत. त्यांना जाळं पुरं करायचं होतं.

"डॉक्टराक दाखवूक व्हया तुका," तो म्हणाला. "बाई म्हणत होती."

"बाई म्हणत होती," अनंतने तेच शब्द परत म्हटले. "आनि तू?"

दिगंबरने पिशवी पुढे केली. "लाडू आसत. रेश्मान झबला दिल्यान हा." मग काहीतरी म्हणायला हवं म्हणून, थोरल्या भावाने म्हणावं तसं तो म्हणाला, "दाढी कर. बरी दिसना नाय."

अनंतने पिशवी घेतली. झबलं काढून मांडीवर ठेवलं आणि त्यावर हात ठेवून बसला. पुन्हा त्याने वर पाहिलं नाही.

"सावकाश जा, दादा," तो म्हणाला. "बस चुकतली."

दिगंबर निघाला. कोपऱ्यावर जाऊन तो थांबला, परत फिरला, पुन्हा थांबला. बस आली. पुढच्या वेळी येऊ, माणसं नसतील तेव्हा येऊ, असं म्हणत तो चढला. घरी आल्यावर रेश्मा दारातच उभी होती.

"सांगलास तेका?"

"सांगलंय," दिगंबर म्हणाला. "येतंय म्हणालो. खेप पुरी करून येतलो."

ही गोष्ट त्याने भीतीने केली असं म्हणता येईल. पण खरं म्हणजे त्याला लाज वाटत होती, आणि लाज लपवायला माणूस जे करतो त्याची पुन्हा वेगळी लाज वाटू लागते. रोज सकाळी तो ठरवायचा, आज बस धरायची. रोज रापण असायची. रेश्मा अनंतला फोन करायची, तो उचलायचा नाही. तिला वाटायचं, ट्रॉलर खोल समुद्रात असेल, शिवाय दिगंबरचं त्याच्याशी बोलणं झालंच आहे, येईल. केतकीबाईंनी चौकशी केली तेव्हा दिगंबरने त्यांनाही तेच सांगितलं. त्यांनी शहरातल्या डॉक्टरांची वेळ घेऊन ठेवली.

मग एका दुपारी त्या बंदरावरून फोन आला. अनंतला ताप होता, छाती भरली होती. खलाशांना वाटलं काम टाळायला निजलाय, म्हणून कुणी उठवलं नाही. उठवलं तेव्हा ओठ निळे पडले होते.

त्याला सोनवेळला आणून किनाऱ्याच्या बाजूला अग्नी दिला. दिवस झाले. तेराव्याला सगळी रापण मेथरांच्या अंगणात जमली. सुहासने सगळे पट्टे एका पोत्यात भरून केतकीबाईंकडे परत दिले होते. दाजी टिकमना कुणीतरी घरून बोलावून आणलं होतं. बसलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "येतंय म्हणालो होतो ना तो? मग इलो कित्याक नाय?"

रेश्मा भिंतीला टेकून बसली होती. तिने दिगंबरकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"भावोजी, तुमी थंय तेका सांगलास ना?"

दिगंबर हो म्हणू शकला असता. खरं-खोटं विचारायला आता अनंत उरला नव्हता. सुहासने तर त्याच्यासाठी "सांगलाच असतला गो" असं म्हणायला सुरुवातही केली.

"नाय," दिगंबर म्हणाला. "सांगूक नाय मी."

"मग काय सांगलास?"

"दाढी कर, म्हटलंय."

रेश्माने मुलीच्या तोंडावरून पदर सारखा केला. "इतक्याच मागल्यान होता तेना," ती म्हणाली, आणि उठून आत गेली. अंगणातलं कुणी जागचं हललं नाही. दिगंबर मान खाली घालून उभा राहिला आणि कुणीही त्याला बस म्हटलं नाही.

अनंत भिकाजी मेथर दोन हजार चव्वेचाळीस सालच्या फेब्रुवारीत, अकरा तारखेला, बंदरावरच्या दवाखान्यात श्वास बंद पडून वारला.